14 माणसं आणि किलोमागे 36 पैसे

परवा रात्री साडेनऊला मामेभावाचा फोन आला. मी त्याला दादा म्हणतो. शिरोली एमआयडीसीच्या कडेला त्याची छोटी फौंड्री आहे. एरवी फोन केला की आधी मामीची तब्येत, मग पाऊसपाणी, मग कामाचं, असा त्याचा क्रम असतो. परवा थेट विषयावर आला.

"तुमच्या पेपरात रोज त्ये नव्या कामगार कायद्याचं येतंय. मला त्यातलं काय कळंना झालंय. मी धात बसतोय का इसात, येवढंच सांग."

मी विचारलं, "माणसं किती आहेत?"

"मस्टरवर नऊ."

"आणि आत?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "चौदा."

हा हिशेब नीट मांडावा म्हणून ही पोस्ट लिहितोय. लांब आहे. पण कोल्हापुरात सुमारे 300 फौंड्र्या आहेत आणि त्यांच्याभोवती मशीन शॉप, पॅटर्नवाले, कोअरवाले असं मोठं जाळं आहे. दादाला पडलेला प्रश्न त्यातल्या बऱ्याच जणांना पडलाय, पण तो जाहीर विचारायची सोय नाही.

आधी बातमी थोडक्यात. केंद्राने 29 कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. वेतनाची संहिता 2019 ची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागची सुरक्षा-आरोग्य या तीन 2020 च्या. पाच वर्षं त्या कागदावर होत्या. 2025 च्या 21 नोव्हेंबरला चारही लागू झाल्याचं जाहीर झालं. 26 नोव्हेंबरला केंद्रीय कामगार संघटनांनी देशभर निदर्शनं केली. भारतीय मजदूर संघ त्यात नव्हता. संहिता लागू झाल्या, पण रोजच्या व्यवहाराचे नियम, म्हणजे कुठला फॉर्म, कुठली तपासणी, कोण करणार, कधी करणार, हे तेव्हा पक्कं व्हायचं होतं. राज्याचे अंतिम नियम यायचे होते. तोवर जुने नियम चालू राहतील असं सरकारनं म्हटलं होतं. म्हणजे घर बांधून झालं होतं, दारं-खिडक्या बसायच्या होत्या. दादासारख्या माणसाचा जीव याच मधल्या काळात टांगणीला लागतो.

आता त्याच्या 10 आणि 20 चं उत्तर. विजेवर चालणाऱ्या कारखान्याला 'फॅक्टरी' म्हणायची मर्यादा नव्या संहितेत 20 कामगारांची आहे. पीएफची मर्यादाही 20 आहे. या दोन्हींतून दादा बाहेर. पण ईएसआय, म्हणजे आजारपण आणि अपघाताचा कामगार विमा, 10 माणसांपासून लागतो. आणि त्यात फक्त मस्टरवरची माणसं धरत नाहीत. आवारात कॉन्ट्रॅक्टरची माणसं काम करत असतील तर तीही मोजतात. दादाची फेटलिंगची तीन माणसं कॉन्ट्रॅक्टरची आहेत, आणि दोन 'तात्पुरती' आहेत. ही तात्पुरती माणसं मला गेल्या गणपतीतही तिथंच दिसली होती. त्यामुळे मी सांगितलं, तू 10 च्या वर आहेस, आणि आजचा नाहीस, बरीच वर्षं आहेस.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच्या कन्सल्टंटचा सल्ला मला ऐकवला. वहिनीच्या नावानं दुसरी फर्म काढायची. मोल्डिंग-मेल्टिंग एका फर्ममध्ये, फेटलिंग-ग्राइंडिंग दुसऱ्या फर्ममध्ये. सात इकडं, सात तिकडं. शेड तेच, भट्टी तीच, फक्त मध्ये एक पार्टिशन. आपल्याकडं हे काही नवीन नाही. कुठल्या औद्योगिक वसाहतीत एका गेटवर तीन पाट्या नसतात? आपल्याकडचा कारखाना मोठा व्हायला लागला की मालक पहिल्यांदा आकडा बघतो. ऑर्डर असली तरी नववा माणूस घेतो, दहावा घेत नाही. घेतला तर नोंदवत नाही.

नव्या संहितांनी वरचे काही आकडे मालकांच्या बाजूनं सरकवलेत. कामगार कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती 100 कामगारांपासून, आता 300 पासून. कामगार संघटनांचा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक फौंड्र्यांना 100 काय आणि 300 काय, दोन्ही आकडे लांबचे. आपलं सगळं नाटक 10 आणि 20 च्या आसपास चालतं. त्यावर टीव्हीवर चर्चा होत नाही.

दादाला मी विचारलं, फर्म तोडून तू वाचवणार किती? त्यानं आकडा काढलेलाच नव्हता. मग आम्ही दोघांनी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढला.

14 माणसं. सरासरी पगार 16,000. महिन्याचा एकूण पगार 2,24,000. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा 3.25 टक्के. म्हणजे 7,280 रुपये महिन्याला. वर्षाला 87,360. कामगाराचा वाटा 0.75 टक्के, म्हणजे माणसी 120 रुपये. हे दर जुलै 2019 पासूनचे आहेत. त्याआधी मालकाला 4.75 टक्के भरावे लागायचे.

दादाची फौंड्री महिन्याला 20 टन माल काढते. 7,280 भागिले 20,000 किलो. किलोमागे 36 पैसे.

त्याच्या कास्टिंगचा दर किलोला शंभराच्या आसपास आहे. त्यातल्या 36 पैशांसाठी वहिनीच्या नावानं फर्म, दुसरं वीज कनेक्शन, दुसरा जीएसटी, दुसरा कन्सल्टंट आणि मध्ये पार्टिशन. आकडा बघून तो स्वतःच हसला. मग म्हणाला, "पर त्ये छत्तीस पैसे मला पार्टी देत न्हाई की."

हे खोटं नाही. ज्या कंपनीला तो माल देतो तिथला पर्चेसवाला लोखंडाचा भाव वाढला तर दर वाढवून देतो, आणि घसरला की लगेच कापतो. पण मजुरी वाढली, विमा लागला, तपासणी लागली, याचा दरात रकाना नसतो. मोठ्या कंपनीच्या गेटवर हेल्मेट घातल्याशिवाय पाहुण्यालाही आत सोडत नाहीत, आणि तिला माल देणाऱ्याच्या शेडमध्ये पायात स्लीपर घालून रस ओतला जातो हे त्यांच्या ऑडिटरला माहीत असतं. कायदा प्रत्येक मालकाला त्याच्या शेडपुरता धरतो. दर ठरवणारा त्या शेडच्या बाहेर बसलेला असतो. उद्योजकांच्या संघटना, स्मॅक असो, गोशिमा असो, विजेच्या दरासाठी नेहमी आवाज उठवतात. हा 36 पैशांचा रकाना दरात घ्या, असंही त्यांनी मोठ्या खरेदीदारांना एकदा एकत्र सांगून बघावं. एकट्या दादानं सांगितलं तर ऑर्डर शेजारच्या शेडला जाते.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी दादाच्याच फौंड्रीत रात्रपाळीत लॅडलमधला रस सांडून एका माणसाचा पाय भाजला. भुदरगड तालुक्यातला पोरगा, वय 26, लग्नाला वर्ष झालेलं. दादानं त्याला स्वतःच्या गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं. मी रात्री दीडला तिथं पोचलो. दादा बाहेर बाकड्यावर बसला होता, शर्टाला वाळू, हात थरथरत होते. त्यानं एक लाख साठ हजारांचं बिल भरलं. कातडी लावावी लागली. पोरगा साडेचार महिने घरी होता. दादानं दोन महिने अर्धा पगार दिला, तिसऱ्या महिन्यात पाच हजार दिले, पुढं थांबला. पोरगा परत आला नाही. आता गावात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतो, चालताना पाय ओढतो.

मी तालुका-जिल्ह्याच्या बातम्या लिहिणारा माणूस. एमआयडीसीतल्या अपघाताच्या बातम्या मी पंधरा वर्षं दिल्यात. ही दिली नाही. त्या रात्री स्वतःला सांगितलं की दादानं पळ काढला नाही, पैसे भरले, मग बातमी कशाची? नात्यातली गोष्ट होती, हे खरं कारण. आणि त्या पोराचं नाव मस्टरवर नव्हतं हे मला ठाऊक होतं.

त्याची ईएसआयमध्ये नोंद असती तर काय झालं असतं, हे मी परवा दादाला कागदावर मांडून दाखवलं. उपचार विम्यातून. कामावरच्या अपघातात माणूस बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के रक्कम. 16,000 पगारावर महिन्याला साधारण 14,400. साडेचार महिन्यांचे जवळपास 65,000. पायात कायमचा दोष राहिला तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात जन्मभर पैसे मिळतात. बरं, अपघातासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली पाहिजे अशी अटही नाही. त्या पोराला यातलं काही मिळालं नाही. दादाला वाटतं त्यानं मन मोठं करून खर्च केला. त्यानं केला, मी साक्षीदार आहे. पण पोराच्या पदरात तीन महिन्यांचे मिळून 21,000 पडले.

आणि एक गोष्ट मालक लोकांच्या लक्षात येत नाही. दवाखान्याचं बिल भरलं म्हणजे मालक सुटला, असं नसतं. ईएसआय नसेल तर अपघाताची नुकसानभरपाई मालकानं स्वतः द्यायची असते. 1923 सालापासून तसा कायदा आहे, आता तोच सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. पोरानं दावा लावला असता तर लाखांत गेलं असतं. ईएसआय असेल तर ही भरपाईची जबाबदारी महामंडळाकडं जाते. वर्षाचे 87,360 वाचवताना दादा दर रात्री हा धोका डोक्यावर घेऊन भट्टी चालवत होता. तो म्हणाला, "ह्ये मला कन्सल्टंटनं कधी सांगितलंच न्हाई." कन्सल्टंटला पार्टिशनचे पैसे मिळतात, हे सांगण्याचे मिळत नाहीत.

इथं कामगारांची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दादाच्या फेटलिंगच्या माणसांना मी स्वतः विचारलं. एकजण म्हणाला, "साहेब, ते 120 रुपये हातात द्या." त्याचं म्हणणं असं की ईएसआयच्या दवाखान्यात दिवस मोडतो, रोज बुडतो, औषध बाहेरून आणायला सांगतात, आणि मोठं काही निघालं की चिठ्ठीसाठी हेलपाटे. असं सांगणारे मला पंधरा वर्षांत खूप भेटलेत. सगळ्यांचा अनुभव असाच आहे असं नाही; बाळंतपणाचे 26 आठवड्यांचे पैसे वेळेवर मिळालेल्या बायकाही भेटल्यात. पण विश्वास बसलेला नाही. आणि विश्वास नसलेल्या गोष्टीसाठी पगारातून कापून घेणं कुणालाही जड जातं.

हल्ली एक नवा युक्तिवाद ऐकतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आयुष्मान आहे, पाच लाखांपर्यंत उपचार फुकट, मग ईएसआय कशाला? मालकही म्हणतात, कामगारही म्हणतात. यात एक घोटाळा आहे. त्या योजना दवाखान्याचं बिल भरतात. घरी बसलेल्या माणसाच्या चुलीचं काय? ईएसआय आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के देते, अपघातात 90 टक्के. माणूस कामावर दगावला तर बायका-पोरांना दरमहा पैसे देते. ईएसआय म्हणजे दवाखाना, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. 1944 साली प्रा. बी. पी. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं होतं. माणूस आजारी पडला की औषधाचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी मजुरी थांबते, हे दोन्ही धरून ती योजना उभी राहिली. 1948 ला कायदा झाला. पाऊणशे वर्षांनंतर मला शिरोलीत हे समजावून सांगावं लागतं, यात महामंडळाचाही दोष आहे आणि आम्हा पत्रकारांचाही.

पगाराच्या नव्या व्याख्येबद्दल मोठ्या कारखान्यांतले मित्र विचारतात, म्हणून एक उदाहरण. गोकुळ शिरगावातल्या एका ऑपरेटरचा एकूण पगार 30,000. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता 13,500. बाकी 16,500 घरभाडं, प्रवास वगैरे. नवा नियम असा की वगळायचे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरायचा. निम्मे 15,000; वरचे 1,500 पगारात आले; पगार झाला 15,000. पीएफ 1,620 वरून 1,800. ग्रॅच्युइटी वर्षामागे 7,788 वरून 8,654. आणि गंमत अशी की ईएसआयची मर्यादा 21,000 ची, ती जानेवारी 2017 पासून हललेली नाही. आधी 30,000 वाला माणूस ईएसआयच्या बाहेर होता. नव्या व्याख्येचा सरळ अर्थ लावला तर त्याचा पगार 15,000 धरून तो आत येतो. मालकाचे पीएफ-ईएसआय मिळून महिन्याला साडेसहाशेच्या वर वाढले. ऑपरेटरच्या हातातले 292 रुपये कमी झाले. मालक म्हणतो खर्च वाढला, कामगार म्हणतो पगार कमी झाला. दोघंही बरोबर आहेत. आणि म्हातारपणाला, आजारपणाला काहीतरी साठलं हेही बरोबर आहे, पण ते दोघांना आज दिसत नाही.

मला या सगळ्या संहितांमध्ये जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यावर फार कमी बोललं जातंय. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालंय. एक कागद. पण तो कागद नसला की माणूस कुठं किती वर्षं राबला याचा पुरावाच राहत नाही.

हे मी आबांमुळं सांगतो. माझे वडील मोल्डर होते. उद्यमनगरात, मग शिरोलीत, असे पाच-सहा ठिकाणी मिळून 27 वर्षं त्यांनी साचे घातले. घरी आले की आई अंगणात त्यांचा सदरा झटकायची, काळी वाळू पडायची. पंचेचाळिशीत खोकला लागला. टीबी म्हणून दोनदा औषधाचा कोर्स झाला. पन्नाशीनंतर रंकाळ्याला अर्धी फेरी मारली की धाप लागायची. 52 व्या वर्षी काम सुटलं. त्यांना सिलिकोसिस होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण त्या दृष्टीनं त्यांना कुणी तपासलंच नाही. कुठल्या डॉक्टरनं विचारलं नाही की काम काय करता, वाळूत करता का.

सिलिकोसिस म्हणजे वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन फुप्फुस घट्ट होणं. ती धूळ डोळ्याला दिसत नाही. दिसते ती जाड धूळ नाकातच अडकते. मारते ती बारीक. एकदा झालं की बरं होत नाही, फक्त पुढं वाढू नये म्हणून धुळीतून बाहेर काढायचं. कायद्यात हा व्यवसायजन्य आजार आहे. ईएसआय असलेल्या कामगाराला तो झाला तर अपघात झाल्यासारखेच हक्क मिळतात. पण त्यासाठी तुम्ही फौंड्रीत काम केलंत हे कुठंतरी लिहिलेलं लागतं. आबांकडे 27 वर्षांचा एकही कागद नव्हता. ज्या मालकांकडे काम केलं ते वाईट होते असं नाही. दिवाळीला मिठाई, बहिणीच्या लग्नाला उचल, सगळं दिलं. कागद तेवढा दिला नाही, आणि आम्ही मागितला नाही.

(मलाही नोकरीच्या पहिल्या 11 वर्षांत नेमणूकपत्र नव्हतं. बातमीमागे पैसे मिळायचे. कामगारांच्या हक्कावर बातम्या लिहायचो आणि स्वतःचं कार्ड गळ्यात अडकवायला दरवर्षी विनवण्या करायचो. हे कंसात लिहितोय कारण हा आज विषय नाही.)

नव्या सुरक्षा-आरोग्य संहितेत मालकानं कामगारांची वर्षाला एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची तरतूद आहे. केंद्राच्या प्रसिद्धीपत्रकात 40 वर्षांवरच्या कामगारांसाठी असं म्हटलंय. हेतू चांगला आहे. पण फौंड्रीला हे वय कसं लागू पडणार? बिहार-ओडिशातून येणारा पोरगा 19 व्या वर्षी ग्राइंडर हातात घेतो. चाळिशीला पोचेपर्यंत त्यानं 21 वर्षं धूळ खाल्लेली असते. तेव्हा तपासून डॉक्टर त्याला काय सांगणार? धुळीच्या कामात वयाची अट नको, कामाची अट पाहिजे. कामाला लागताना छातीचा एक्स-रे आणि फुंकायची तपासणी, नंतर दरवर्षी. फौंड्री हा उद्योग कायद्याच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहेच. तेव्हा वेगळा नियम करायला सरकारला कुणी अडवलेलं नाही.

दुसरा प्रश्न, तपासणीचा कागद कुणाकडं राहणार? मालकाच्या ड्रॉवरमध्ये राहिला तर उपयोग काय? आणि तपासणीत काही निघालं की माणूस दुसऱ्या दिवशी कामावरून गेला, असं झालं तर पुढच्या वर्षी एकही कामगार तपासायला येणार नाही. खोकला लपवतील. आबा लपवायचे.

तिसरा, खर्च कुणाचा? 14 माणसांच्या फौंड्रीला गाडी बोलवून तपासणी परवडत नाही. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहतीनिहाय एकत्र केली तर माणसी खर्च बराच उतरतो. ईएसआयनं आणि उद्योजक संघटनांनी मिळून वर्षातून ठरावीक आठवडा ठेवला तर जमण्यासारखं आहे. यावर बोललं पाहिजे.

यातच 3 सप्टेंबर 2025 चा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय धरा. कारखान्यातली दिवसाची कामाची मर्यादा 9 तासांवरून 12, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144, कामगाराच्या लेखी संमतीनं. आठवड्याचे 48 तास कायम, जादा तासाला दुप्पट पैसे. सीएनसीवर उभं राहणाऱ्याला चार दिवस 12 तास करून तीन दिवस सुट्टी सोयीची वाटेलही. पण भट्टीसमोर 12 तास? नवव्या तासाला लॅडल धरलेला हात आणि बाराव्या तासाला धरलेला हात यात फरक पडतो. तो भुदरगडचा पोरगा त्या रात्री सलग दुसऱ्या पाळीत होता. सगळ्या कारखान्यांना एकच मोजमाप लावून चालणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता दादाचं काय झालं?

ईएसआय महामंडळाची 'स्प्री' नावाची योजना 1 जुलै 2025 पासून चालू झाली होती. तोवर नोंद न केलेल्या मालकानं त्या काळात नोंद केली तर मागची वर्गणी, मागचे रेकॉर्ड मागणार नव्हते. सुरुवातीची मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत होती. मी त्याला लिंक पाठवली. दोन दिवस उत्तर नाही. काल मामी म्हणाल्या, तो पोरांची आधार कार्डं गोळा करतोय. संध्याकाळी त्याचा फोन आला. अकरा जणांची मिळाली. फेटलिंगचा कॉन्ट्रॅक्टर त्याच्या तिघांची द्यायला तयार नाही. म्हणतो, माझी माणसं माझ्याकडं राहू देत. म्हणजे सगळ्यात जास्त धूळ खाणारे तिघेच बाहेर राहणार. मी दादाला सांगितलं, त्यांची नोंद करून घेणं ही मूळ मालक म्हणून तुझीच जबाबदारी आहे. तो म्हणाला, "बघतो. त्येला सोडला तर फेटलिंग कोण करणार?" यावर माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं.

फोन ठेवता ठेवता त्यानं भुदरगडच्या त्या पोराचा नंबर मागितला. माझ्याकडं आहे हे त्याला माहीत होतं. का हवाय, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नंबर पाठवला.

लहान कारखानदार मित्रांनो, तुमचा स्वतःचा किलोमागचा आकडा एकदा काढून बघा. कामगार मित्रांनो, नेमणूकपत्र मागा, तोंडी नको, लेखी, आणि त्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा. ईएसआयच्या दवाखान्याचा बरा-वाईट अनुभव असेल तर खाली लिहा, नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. सगळं एकत्र करून मी संबंधित अधिकाऱ्यांकडे नेणार आहे. आणि ही बातमी या वेळी देणार आहे.